एंडोमेट्रिऑसिस आणि ताटातल्या हार्मोनची भीती

एंडोमेट्रिऑसिसचं निदान झालं की घरी पहिली कात्री ताटाला लागते. दूध बंद, दही बंद, चिकन बंद, सोयाबीनचं तर नावही काढायचं नाही. कुणी सांगतं गहू सोड, कुणी म्हणतं साखर. हा आजार इस्ट्रोजेनवर पोसला जातो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. म्हशींना आणि कोंबड्यांना इंजेक्शनं देतात, हे सगळ्यांनी कुठून ना कुठून ऐकलेलं असतं. दोन्ही गोष्टी जोडल्या की पथ्याची यादी तयार. ही जोडणी बव्हंशी चुकीची आहे आणि तिचा भुर्दंड आधीच थकलेल्या, अंगात रक्त कमी असलेल्या बाईला बसतो. म्हणून अन्नातल्या हार्मोनचं खरं काय आहे ते आधी पाहू, मग आराम पडण्याची शक्यता असलेल्या बदलांकडे वळू.

आजाराला लागणारं इस्ट्रोजेन कुठून येतं?

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती या आजारात गर्भाशयाबाहेर वाढते: बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. बीजकोशात तिची गाठ झाली तर आपल्याकडे सर्रास ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के मुली-स्त्रियांना, म्हणजे जगभरात जवळजवळ 19 कोटी जणींना हा आजार आहे.

या ऊतीला इस्ट्रोजेन लागतं हे खरं. पण ते तिला मुख्यतः दोन ठिकाणांहून मिळतं आणि दोन्ही ठिकाणं शरीराच्या आतच आहेत. पहिलं म्हणजे बीजकोश. दुसरं म्हणजे ती ऊती स्वतः. तिच्यात अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं आणि त्याच्या मदतीनं ती जागच्या जागी इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेन वाढलं की प्रोस्टाग्लँडिन वाढतात. पाळीत कळा येतात त्या यांच्यामुळेच. प्रोस्टाग्लँडिन वाढले की अरोमाटेज आणखी कामाला लागतं. दाह आणि हार्मोन एकमेकांना असे चढवत नेतात.

आता दुधाचा हिशेब करू. बीजकोश रोज जे इस्ट्रॅडिऑल तयार करतात ते पाळीच्या दिवसांनुसार काही दहा ते काही शे मायक्रोग्रॅम असतं. पेलाभर दुधातलं इस्ट्रोजेन नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं, आणि हजार नॅनोग्रॅमचा एक मायक्रोग्रॅम होतो. शिवाय पोटातून गेलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात पोचतं आणि तिथेच त्यातलं बरंचसं निष्प्रभ होतं. गाभण गाई-म्हशींच्या दुधात ते थोडं जास्त असतं आणि चरबीत विरघळणारं असल्यानं लोणी-तुपात उतरतं, हे बरोबर आहे. तरीही वरणभातावरचं चमचाभर तूप तुमच्या बीजकोशांच्या कामात भर घालेल, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

राहिलं ते इंजेक्शन. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून जे टोचतात ते ऑक्सिटोसिन. ते इस्ट्रोजेन नाही. ते प्रथिनासारखं लहान हार्मोन आहे आणि दुधातून पोटात गेलंच तरी इतर प्रथिनांसारखं पचून जातं. दूध काढण्यासाठी जनावराला ते टोचणं हा क्रूरपणा आहे आणि 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हाही. त्याविरुद्ध बोलायलाच हवं, पण जनावरासाठी. तुमच्या ओटीपोटातल्या दुखण्याशी त्याचा संबंध जोडू नका.

ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंची होते, म्हणून तिला हार्मोन देत असणार असं वाटणं साहजिक आहे. पण तिची वाढ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवड-पैदाशीतून आणि खाद्यातून येते. वाढीचं हार्मोन खाद्यात मिसळलं तर कोंबडीच्याही पोटात ते पचून जाईल आणि हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचणं कुणालाच परवडणार नाही. कोंबडीच्या बाबतीत खरी काळजी करायची ती प्रतिजैविकांच्या वापराची. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं औषध भारतात 2019 मध्ये पशुपालनात वापरायला बंदी घातली गेली ती त्याचसाठी. तो प्रश्न गंभीर आहे, पण वेगळा आहे.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांसाठी दोन वाक्यं. तिथे गोमांसासाठीच्या जनावरांना स्टेरॉइड हार्मोन देण्याची परवानगी आहे, युरोपीय संघात नाही. तेव्हा ते मांस खात असाल तर लेबल पाहून निवडायला हरकत नाही. तिथल्या चिकनवर ‘हार्मोनविरहित’ लिहिलेलं असतं त्यासाठी मात्र जादा डॉलर मोजू नका, कारण कोंबड्यांना हार्मोन देण्यास तिथल्या कायद्यानेच मनाई आहे.

अमेरिकेतल्या परिचारिकांचा एक मोठा अभ्यास 1989 पासून चालू आहे. त्यात एक लाखाहून जास्त जणींच्या आहाराची आणि आजारांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा दूध-दही-चीज खाणाऱ्यांमध्ये एंडोमेट्रिऑसिसचं निदान, दोन वेळा खाणाऱ्यांपेक्षा 18 टक्के कमी आढळलं. दूध हा उपाय आहे असं यावरून सिद्ध होत नाही, कारण असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण नाही. पण दूध सोडायला लावणाऱ्याकडे याहून चांगला पुरावा असायला हवा, आणि तो नाही.

सोयाबीनमधली आयसोफ्लेवोन्स इस्ट्रोजेनसारखी दिसतात, पण त्यांचं काम त्याच्या तुलनेत फार क्षीण असतं. आठवड्यातून एक-दोनदा सोयावडीची भाजी किंवा टोफू खाल्ल्यानं आजार बळावतो असं दिसलेलं नाही. आयसोफ्लेवोनच्या गोळ्या आणि पावडरी मात्र टाळा. तिथे मात्रा जेवणातल्यासारखी राहत नाही.

हार्मोनचा विषय निघालाच आहे तर आपल्या घराघरातली एक सवय सांगितलीच पाहिजे. गौरी-गणपती, लग्न, पूजा, यात्रा आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जातात. त्या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. ते खरंखुरं हार्मोन आहे आणि मिलिग्रॅमच्या मात्रेत पोटात जातं, म्हणजे दुधातल्या हार्मोनच्या लाखो पट. एंडोमेट्रिऑसिसच्या उपचारातही डॉक्टर ते वापरतात, म्हणून ते वाईट औषध नाही. पण रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास, अर्धशिशी, यकृताचा त्रास अशा गोष्टी तपासल्याशिवाय ते घेऊ नये, आणि उपचार चालू असताना मधेच तर नाहीच. सणासाठी गोळी हवीच असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

ताटात काय बदलावं

युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं 2022 मध्ये या आजाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. एखादा ठरावीक आहार वेदना कमी करतो असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा त्यांनाही आढळला नाही. तरीही काही बदल असे आहेत की ज्यांना थोडा आधार आहे, ज्यांत धोका नाही आणि जे हृदयालाही मानवतात. सुरुवात तिथून करावी.

पहिला बदल स्निग्ध पदार्थांचा. परिचारिकांच्या त्याच अभ्यासात ट्रान्स फॅट सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात हा आजार 48 टक्के जास्त आढळला आणि ओमेगा-3 सर्वांत जास्त खाणाऱ्या गटात 22 टक्के कमी. भारतात 1 जानेवारी 2022 पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. पण एकाच तेलात पुन्हा पुन्हा तळलं की ते वाढतं, आणि गाडीवरच्या कढईतलं तेल किती वेळा तापलं हे आपल्याला कळत नाही. खारी, नानकटाई, वनस्पती तुपातली मिठाई, रोजचा वडा-समोसा यांचं प्रमाण कमी करा. घरच्या सणाच्या पुरणपोळीवर तूप घ्यायला भिऊ नका.

ओमेगा-3 साठी महागडे मासे लागत नाहीत. बांगडा, तारली, पेडवे हे कोकण-गोव्यातले स्वस्त मासे त्यात समृद्ध आहेत. आठवड्यातून दोनदा कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजून खा. शाकाहारी घरात जवस आहे. जवसातल्या ओमेगा-3 चा थोडाच भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं, त्यामुळे जवस हा माशाला तंतोतंत पर्याय नाही, पण त्यातला चोथाही कामाचा आहे. जवस अख्खं खाल्लं तर तसंच बाहेर पडतं. भाजून, कुटून चटणी करा, थोडी थोडी करा आणि लवकर संपवा, कारण त्याचं तेल पटकन खवट होतं.

लाल मांस रोज खाण्याची सवय असेल तर ती कमी करणं योग्य. परिचारिकांच्या अभ्यासात दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा ते खाणाऱ्यांमध्ये, आठवड्यातून जेमतेम एकदा खाणाऱ्यांपेक्षा आजाराचं निदान 56 टक्के अधिक होतं. आपल्याकडे बहुतेक घरांत रविवारचं मटण असतं, तेवढ्यानं फरक पडण्याचं कारण नाही.

प्लॅस्टिकबद्दल थोडक्यात. बीपीए आणि थॅलेट ही रसायनं हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. एंडोमेट्रिऑसिसशी त्यांचा संबंध किती, यावर अभ्यासांचं एकमत नाही. पण गरम आमटी-चहा प्लॅस्टिकच्या पिशवीतून न आणणं, डबा स्टीलचा ठेवणं आणि मायक्रोवेव्हमध्ये काचेचं भांडं वापरणं यात काहीच खर्च नाही, म्हणून ते करावंच.

पोट फुगतं त्यांच्यासाठी

या आजारात पोट एवढं फुगतं की संध्याकाळपर्यंत सलवारीची नाडी सैल करावी लागते, असं कितीतरी जणी सांगतात. ओटीपोटातल्या सततच्या दाहानं आतड्याच्या नसा हुळहुळ्या झालेल्या असतात. एरवी जाणवलाही नसता इतका वायू त्यांना दुखवतो. त्यामुळे मला विचाराल तर आहारातून सर्वांत लवकर हाती लागण्यासारखा आराम इथे आहे.

काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू होतो. त्यांना एकत्रितपणे फॉडमॅप म्हणतात. त्या काही काळ कमी करण्याची पद्धत मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानं विकसित केली. एंडोमेट्रिऑसिस आणि पोटाचा त्रास दोन्ही असलेल्या स्त्रियांवर तिथेच झालेल्या एका छोट्या चाचणीत या आहारानं 60 टक्के जणींना आराम पडला. तुलनेच्या साध्या आहारानं 26 टक्क्यांना. चाचणीत जेमतेम 35 जणी होत्या, म्हणून निकाल आशादायक आहे एवढंच म्हणावं.

आपल्या स्वयंपाकघरात फॉडमॅप कुठे असतात? कांदा, लसूण, गहू, हरभरा, छोले, राजमा, तूर, साधं दूध, फ्लॉवर, काजू, आंबा, सफरचंद, कलिंगड. यादी वाचून धडकी भरते, पण मराठी घराला हे तितकं अवघड नाही. चातुर्मासातला आणि नैवेद्याचा कांदा-लसणाविना स्वयंपाक आपल्या आई-आजींना येतोच. भाताबरोबर आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर दुधी, पडवळ, वांगी, पालक, गाजर, काकडी चालते. मुगाचं वरण अर्धी वाटी घ्या. डाळ भिजवून ते पाणी टाकून दिलं तर आणखी सोपं पडतं, कारण या शर्करा पाण्यात उतरतात. तेलात मात्र त्या उतरत नाहीत. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या आणि त्या तेलात फोडणी दिली तर चव मिळते आणि त्रास होत नाही. हिंग-जिरं-आलं आहेच. संत्रं, पपई, नुकतंच पिकलेलं घट्ट केळं ही फळं खाता येतात. दुधाऐवजी लॅक्टोज नसलेलं दूध मिळतं ते घ्या.

हा आहार दोन ते सहा आठवड्यांपुरताच असतो, हे विसरू नका. नंतर एकेक पदार्थ परत आणायचा असतो: तीन दिवस थोडा थोडा कांदा वाढवत जायचा, पोट काय म्हणतं ते पाहायचं, मग पुढचा पदार्थ. बहुतेकींना एक-दोनच गोष्टी बाधतात असं या टप्प्यात कळतं आणि बाकी सगळं परत ताटात येतं. हा आहार कायमचा पाळला तर तो आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना उपाशी ठेवतो. आहारतज्ज्ञ सोबत असतील तर उत्तम. ज्या मुलींचं जेवण आधीच तुटक आहे, किंवा जेवणाबद्दल मनात भीती आहे, त्यांनी हा प्रयोग एकटीनं करू नये.

ग्लूटेनविरहित आहाराचं कौतुकही बरंच होतं. इटलीतल्या एका अभ्यासात वर्षभर ग्लूटेन सोडलेल्या 207 जणींपैकी 75 टक्क्यांचं दुखणं कमी झालं, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय गहू सोडला की त्यातले फॉडमॅपही जातात, मग गुण कशाचा हे कसं ठरवणार? गव्हाचा संशय असेल तर सिलिअॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्याआधी करून घ्या. बंद केल्यावर ती तपासणी फसते. त्यानंतर महिना-दोन महिने भाकरीवर राहणं महाराष्ट्रात कुणालाच परकं नाही.

रक्त, हाडं आणि उपवास

पथ्यांच्या गर्दीत हा भाग नेहमी मागे पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. त्यात पाळीला रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासून घ्या. जेवणाला लागून चहा पिऊ नका, तासाभराचं अंतर ठेवा. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. हळीवाचे लाडू बाळंतिणीपुरते राखून ठेवायची गरज नाही. लोहाच्या गोळीनं शौचाला घट्ट होत असेल तर गोळी सोडू नका, बदलून मागा. बद्धकोष्ठतेनं या आजारातलं दुखणं हमखास वाढतं.

या आजारावर दिल्या जाणाऱ्या ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन फार खाली येतं आणि हाडं विरळ होऊ लागतात. नेमक्या त्याच काळात कुणाच्या सांगण्यावरून दूध सोडणं म्हणजे दुहेरी नुकसान. प्रौढ स्त्रीला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मोठा पेलाभर दूध सुमारे 300 देतं, 100 ग्रॅम नाचणी सुमारे 350. दूध पचत नसेल तर नाचणीची भाकरी, आंबील, तीळ आणि गरजेप्रमाणे गोळी यांतून भरून काढा. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नका.

उपवासाबद्दल हात जोडून सांगते. संकष्टी किंवा एकादशी पाळीच्या दुखऱ्या दिवशी आली आणि रिकाम्या पोटी मेफेनॅमिक अॅसिडची गोळी घेतली, तर जठराला इजा होते. गोळी खाल्ल्यावरच घ्यायची असते. त्या दिवशी उपवास मोडा, किंवा निदान वरीचा भात, दही, राजगिऱ्याची भाकरी असं पोटभर काहीतरी खाऊन मग गोळी घ्या.

आणखी एक सल्ला सरसकट दिला जातो: वजन कमी कर. तुमचं वजन जास्त असेल तर इतर कारणांसाठी तो योग्य असेल. पण हा आजार तुलनेनं बारीक स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. कृश मुलीला जेवण कमी करायला सांगण्यात काही अर्थ नाही.

गुण येतो का, हे कसं ओळखावं

या आजारात दुखणं स्वतःच कमी-जास्त होत राहतं, त्यामुळे कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा वाटू शकतो. बॉस्टनमध्ये तरुण मुलींवर झालेल्या चाचणीत ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचंही जवळजवळ तेवढंच. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, नाना चूर्णं, ‘हार्मोन बॅलन्स’ करणारे चहा विकणाऱ्यांना हे माहीत असो वा नसो, तुम्हाला माहीत असावं. स्वयंपाकातली हळद भरपूर वापरा; हळदीच्या अर्काच्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलनं काहींच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

एक साधी वही करा. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणं 0 ते 10 मध्ये किती, पोट फुगलं का, शौचाला कसं झालं, गोळ्या किती घेतल्या. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन पाळ्या जाऊ द्या. गोळ्यांची संख्या खाली आली तर बदल ठेवा. काहीच फरक नसेल तर तो पदार्थ बिनदिक्कत परत सुरू करा.

आहारानं ही ऊती विरघळत नाही आणि चॉकलेट सिस्ट जिरत नाही. डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, हार्मोनची तांबी, गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया हे उपचार आपल्या जागी आहेत, आणि ताट नीट केलं म्हणून ते परस्पर बंद करू नयेत. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी आजार नाही असं ठरत नाही, आणि उपचार सुरू करण्यासाठी प्रत्येक वेळी आधी दुर्बीण घालावी लागते असंही आता मानलं जात नाही. पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखणं, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, पाळी नसतानाही ओटीपोट ठणकत राहणं, हे सगळं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अचानक असह्य कळ आली, ताप आला, चक्कर येऊन पडलात किंवा शौचातून रक्त गेलं, तर वाट पाहू नका.

निदान व्हायला जगभर 4 ते 12 वर्षं लागतात. त्याचं एक मोठं कारण घरातच आहे: ‘पाळीत दुखतंच, मलाही दुखायचं’ हे वाक्य. आयांनो, दर महिन्याला शाळा-कॉलेज बुडवणाऱ्या, गोळी घेऊनही पोट धरून पडून राहणाऱ्या मुलीला हे वाक्य ऐकवू नका. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, आणि पहिल्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही तर दुसऱ्यांकडे न्या.